एक बचत, एक चालू

नाशिककराला आवाजाची भीती कुणी घालू नये. ज्या गावाने आपलं नाव आधी द्राक्षांना दिलं, मग चिवड्याला दिलं आणि शेवटी ढोलालाही दिलं, त्या गावात जन्मलेल्या मुलाच्या कानाचा पडदा मुळातच ताडपत्रीचा असतो. ढोल ओसरला की मिरवणुकीत मागून बेंजो येतो. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला बॅन्जो नव्हे. जपानात, नागोया शहरी, गोरो मोरिता नावाच्या गृहस्थांनी १९१२ साली बटणं दाबून वाजवायचं एक तारवाद्य काढलं. त्याचं नाव ताइशोगोतो. ते हिंदुस्थानात आलं आणि बुलबुलतरंग झालं. आपण त्याला विजेची तार जोडली, गाडीवर भोंगे बांधले आणि त्याचा बेंजो केला. भोंग्यातून बाहेर पडेपर्यंत सुराच्या इतक्या चिंध्या झालेल्या असतात, की गाणं कुठलं ते चालीवरून नव्हे, नाचणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखावं लागतं. पण पाय थिरकतात ते त्या चिंध्यांवरच. तोच बेंजो आकाशवाणीवर वाजवावा तसा स्वच्छ वाजवला, तर पोरं नाचायची थांबून टाळ्या देतील आणि मिरवणूक पहाटेपर्यंत एकाच चौकात उभी राहील.

सांगायचा मुद्दा, फाटका आवाज ही काय चीज आहे, हे आम्हांला लहानपणापासून ठाऊक आहे. तो फुकट मिळतो, असं मात्र आम्ही धरून चाललो होतो. त्याला पैसे पडतात हे कन्येने सांगितलं.

आमची कन्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि उरलेल्या वेळात, म्हणजे अभ्यासाच्या वेळात, इलेक्ट्रिक गिटार वाजवते. एका रविवारी तिने विषय काढला.

"बाबा, दुसरा ॲम्प घ्यावा लागेल."

"का? पहिल्याला काय झालं?"

"काही नाही. पहिला उत्तम आहे. म्हणूनच दुसरा लागेल."

मी कॉलेज रोडच्या बी.वाय.के.चा बी.कॉम. चालू स्थितीतल्या वस्तूवर दरवर्षी घसारा लावायचा असतो, एवढं मला शिकवलं होतं. ती उत्तम चालते म्हणून तिला भावंड आणायचं असतं, असं कुठल्याच पेपरात आलं नव्हतं. मी तसं म्हणालो. त्यावर कन्येने जेवणाच्या ताटांसमोर जे व्याख्यान दिलं, त्याचा सारांश असा.

लाउडस्पीकर आवाज मोठा करतो. गिटारचा ॲम्प आवाज मोठा करतो आणि घडवतोही. इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर पलीकडच्या खोलीतही ऐकू जात नाही. अर्धं वाद्य म्हणजे ती गिटार आणि उरलेलं अर्धं म्हणजे तो डबा. आता या डब्याकडून वाजवणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात. एक, साफ आवाज: पत्र्यावर पावसाचा थेंब पडावा तसा, प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा. दुसरा, डिस्टॉर्टेड. मराठीत याला 'विरूपण' असा भारदस्त शब्द आहे, पण तो घरात उच्चारला की जेवण थंड होतं. आम्ही 'साफ' आणि 'फाटका' म्हणतो.

"आणि हा फाटका आवाज मुद्दाम करायचा?" सौ.ने विचारलं.

मुद्दामच. सुरुवात अपघाताने झाली होती. १९५१ साली अमेरिकेत आइक टर्नर यांच्या मंडळींचा ॲम्प मेम्फिसला जाताना वाटेत दुखावला. आत कागद कोंबून त्यांनी तसंच ध्वनिमुद्रण उरकलं आणि लोकांना ती घरघरच आवडली. मग लोक अपघाताची वाट बघेनासे झाले. लिंक रे यांनी १९५८ साली स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४ साली इंग्लंडात किंक्स या मंडळातल्या डेव्ह डेव्हिस नावाच्या पोराने आपल्या छोट्या ॲम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला आणि त्या आवाजातलं गाणं त्या देशात पहिल्या नंबरावर गेलं.

"ब्लेडने!" सौ. म्हणाली. "आणि चांगला चालणारा?" तिच्या डोळ्यांसमोर सोफ्याची नवी कव्हरं तरळत होती.

हल्ली ब्लेड लागत नाही, असं कन्येने तिला आश्वासन दिलं आणि एक सुरेख गोष्ट समजावून सांगितली. प्रत्येक ॲम्पला एक मर्यादा असते. तारेकडून आलेली लाट त्या मर्यादेच्या आत आहे तोवर तो ती जशीच्या तशी मोठी करून देतो. लाट मर्यादेच्या वर गेली की तिचा माथा सपाट कापला जातो. माथा कापला गेला की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे नवे सूर जन्माला येतात आणि आवाज जाड, करकरीत, थोडासा चिडलेला होतो. याला म्हणतात ओव्हरड्राइव्ह.

"अगं, म्हणजे ओव्हरड्राफ्ट!" मी म्हणालो.

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शिल्लक आहे त्यापेक्षा जास्त उचल केली की खात्याचा स्वभाव बदलतो, हे मी काउंटरवर वीस वर्षं पाहतो आहे. जुने व्हॉल्व्हचे ॲम्प ही मर्यादा हळूहळू, कण्हत-कुंथत ओलांडू देतात. जुने मॅनेजर असेच होते. गिऱ्हाईक ओळखीचं असलं की थोडं चालवून घेत. साधा ट्रांझिस्टरचा ॲम्प मात्र आकडा ओलांडला की त्याच क्षणी माथा छाटतो. तो थेट संगणकाच्या वळणावर गेलेला असतो.

आता अडचण लक्षात आली असेल. साफ आवाजाच्या ॲम्पमध्ये भरपूर शिल्लक लागते. कितीही जोरात तार छेडली तरी मर्यादेला धक्का लागता कामा नये. फाटक्या आवाजाचा ॲम्प सतत उचलीवरच जगला पाहिजे. एकाच खात्यात कायम शिल्लकही हवी आणि कायम उचलही हवी, असं म्हणणारं गिऱ्हाईक माझ्यासमोर आलं असतं तर मी काय सांगितलं असतं? दोन खाती काढा. एक बचत, एक चालू. त्यातून चालू खात्याला इंग्रजीत करंट म्हणतात, हा योगायोग तर मी स्वतःहून कन्येला बहाल केला.

पण घरातल्या खरेदीला माझी एकट्याची सही चालत नाही. सौ.ने मिक्सरकडे बोट दाखवलं. "मोटर एक, भांडी तीन. असा ॲम्प मिळत नाही का?"

प्रश्न बिनतोड होता. असे ॲम्प मिळतात. त्यात दोन चॅनेल असतात, पायाने खटका दाबला की साफचं फाटकं होतं. पुष्कळ वादक जन्मभर त्याच्यावर सुखाने वाजवतात. पण त्यात शेवटची वाटचाल एकाच स्पीकरातून होते, आणि साफ आवाजाला मानवणारा स्पीकर व त्याचा डबा फाटक्याला मानवतोच असं नाही. दोघांनाही थोडं थोडं सोसावं लागतं. कन्येने हे एका वाक्यात पटवलं: "ज्या भांड्यात तू लसणाची चटणी वाटतेस, त्यात श्रीखंडाची वेलची वाटशील?"

सौ. गप्प झाली. ठराव एकमताने मंजूर.

मोठी मंडळीही याच वाटेने गेलेली आहेत. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा साफ आवाजासाठी नावाजलेला ॲम्प. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी फेंडरच्याच एका ॲम्पवरून १९६२ साली आपला ॲम्प बांधवला आणि तोच घराण्याचं नाव फाटक्या आवाजात अजरामर करून गेला. जपानच्या रोलंड कंपनीने १९७५ साली जेसी-१२० काढला. तो इतका साफ की त्याला फाडणं हाच अपराध वाटावा. मेटालिका ही जगातली एक प्रचंड आवाजी मंडळी. त्यांनी साफ सुरावटींसाठी हा जपानी ॲम्प वापरला आणि गर्जनेसाठी वेगळे ठेवले. ही मंडळी ३० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळुरूला येऊन वाजवून गेली. कन्या तेव्हा पहिलीत होती, नाहीतर तो प्रवासखर्चही माझ्या नावे पडला असता.

एक धोक्याची सूचना: यांतला एकेक ॲम्प अठ्ठावीस-एकोणतीस किलोंचा असतो. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण तेवढाच भरतो. म्हणजे या पद्धतीचा वादक कार्यक्रमाला निघतो तेव्हा दोन भरलेले सिलिंडर जिना उतरवतो, आणि रात्री परत चढवतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट स्वभावाने धार्मिक आहे, पुष्कळ उपास करते. म्हणून आमचे दोन्ही ॲम्प दहा-पंधरा वॉटचे, हातात धरून नेण्याजोगे. पहिला घरात होताच. दुसरा जर्मनीला शिकायला निघालेल्या एका मुलाकडून जुना घेतला. त्याच्या वडिलांनी तो माझ्या हाती देताना जो चेहरा केला, तो मुलीच्या पाठवणीचा नव्हता, सुटकेचा होता.

तसं पाहिलं तर बँकेतल्या माणसाला ही दोन ॲम्पची पद्धत नवी नाही. काउंटरवरचा आवाज साफ लागतो. "केवायसी करून घ्या, काका," हे वाक्य दिवसातून साठ वेळा एकाच पट्टीत म्हणावं लागतं. संध्याकाळी संघटनेची द्वारसभा असली की फाटका लागतो. झिंदाबाद साफ आवाजात म्हणून पाहा. अर्ज वाचल्यासारखं वाटतं. म्हणूनच द्वारसभेचा भोंगा कुणी दुरुस्त करत नाही.

दुसरा ॲम्प घरी आला त्या संध्याकाळी आई पोथी घेऊन बसली होती. ती तरुणपणी आठ-दहा वर्षं गाणं शिकलेली. आता फाटक्या आवाजावर ती काय म्हणते या धास्तीने मी दिवाणखान्याच्या दारात उभा. कन्येने एक सूर छेडला. आईने चष्मा वर केला.

"जवारी छान लागली आहे."

मला वाटलं, तिला ऐकू आलं नसावं. तिला नीट ऐकू आलं होतं. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते तिथे तिला किंचित घासू द्यायची असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक दोरा सरकवायचा आणि तो केसभर पुढे-मागे करत राहायचा. एका जागी तार एकदम फुलते, गुंजते, एका सुरातून दहा सूर निघायला लागतात. ती जवारी. नुसती स्वच्छ तार वाजली तर त्याला तंबोरा कुणी म्हणत नाही. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले; तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे अमेरिकेत पेन्सिलीने भोकं पाडण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे एका दोऱ्यावर हे काम भागत होतं. घासणारी तार वेगळी आणि माथा कापलेली लाट वेगळी, हे खरं. पण दोन्हीकडे हौस एकच, सुराच्या पोटातले लपलेले सूर बाहेर काढायची.

पुढे आईने आणखी एक गंमत काढली. "ही फाटक्या आवाजात सारखं सा आणि प-च का वाजवते?" कन्या चकित झाली. फाटक्या ॲम्पमध्ये तीन-चार सूर एकदम घातले की ते एकमेकांत मिसळून नको ती पिल्लं घालतात आणि सगळा काला होतो. सा आणि प यांचं नातं दोनास तीन असं सरळ, त्यामुळे त्यांची पिल्लंही घरंदाज निघतात. म्हणून रॉकवाले दोनच सूर घट्ट धरून ठेवतात आणि त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. आई म्हणाली, "आम्ही त्याला तंबोरा म्हणतो. आणि मैफिलीत आम्हीही दोन घेऊन बसतो." तेव्हापासून दोघींचं एक गूळपीठ झालं आहे आणि मी फक्त वायरी गुंडाळतो.

शेजाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतो. सरकारच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा पंचेचाळीस, ही मर्यादा आहे. आम्ही ती भिंतीवर लावली आहे. तरी एके दिवशी खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर वर आलेच. म्हणाले, "तुमच्या मिक्सरबद्दल तक्रार नाही, तो चालायचाच. पण मधूनच ते काहीतरी गोड वाजतं आणि अर्ध्यात थांबतं. पुढे काय होतं या विचाराने दुपारची झोप लागत नाही."

आता जरा गंभीर भाग. दोन ॲम्प एका गिटारला जोडायला मध्ये एक पेटी लागते. पायाने दाबलं की सूर या डब्यात, पुन्हा दाबलं की त्या डब्यात, तिसऱ्या खटक्याने दोन्हींत. गेल्या गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात कन्येच्या मंडळींचा कार्यक्रम होता. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, दहाला सगळं बंद करायचं होतं. दोन्ही ॲम्प चालू केल्याबरोबर मांडवात 'घूंऽऽ' असा भुंगा सुरू झाला. प्रत्येक ॲम्पची वायर अर्थिंगला जोडलेली, शिवाय गिटारच्या वायरींतून दोघं एकमेकांना जोडलेले. असं वेटोळं पूर्ण झालं की घरातली वीज, जी सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, ती त्यात गुणगुणायला लागते. दोन साहेबांच्या मध्ये फिरत राहिलेली फाइल जशी कुठेच न पोचता आवाज करते, तसं.

मांडवाच्या वायरमनला उपाय माहीत होता. "साहेब, एकाची जाड पिन काढून टाकतो. दोन मिनिटांचं काम." आणि खरोखरच पक्कड घेऊन तो वाकला. चिटणीस घड्याळ दाखवत होते. पुढच्या रांगेत पोरं शिट्ट्या मारत होती.

"नाही," कन्या म्हणाली.

३ मे १९७२ रोजी वेल्समध्ये, स्वान्सी गावी, लेस हार्वी नावाचा सत्तावीस वर्षांचा गिटारवादक भर कार्यक्रमात, अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. हे तिने मला आधी सांगितलेलं होतं, वायरमनला त्या वेळी सांगायला सवड नव्हती. जाड पिन ही भुंगा आणण्यासाठी दिलेली नसते, माणूस वाचवण्यासाठी दिलेली असते. गिटारच्या तारा लोखंडाच्या, त्या बोटांखाली आणि ओठ माइकला. मी वायरमन आणि प्लग यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. बँकेत दुसऱ्या सहीशिवाय तिजोरी उघडत नाही. इथली दुसरी सही माझी होती आणि ती होणार नव्हती.

कन्येने फाटका ॲम्प सरळ बंद केला, त्याची वायर पेटीतून उपटली आणि सगळं साफ आवाजात वाजवलं. ज्या गाण्याच्या शेवटी गर्जना व्हायची, तिथे नुसते थेंब पडले. शिट्ट्या थांबल्या. टाळ्या बेताच्याच पडल्या. दहाला पाच कमी असताना मांडव शांत. घरी येताना आई तिला म्हणाली, "आज जवारी नव्हती. पण तंबोरा फुटलाही नाही."

नंतर भुंग्याचा रीतसर बंदोबस्त झाला. आत छोटा ट्रान्सफॉर्मर असलेली पेटी मिळते. तिच्यातून सूर पलीकडे जातो, पण तारेला तार जोडलेली राहत नाही. वेटोळं तुटतं आणि दोन्ही जाड पिना जागच्या जागी राहतात. दोन्ही ॲम्प एकाच बोर्डावर लावले की आणखी बरं. मग दोन्ही एकदम वाजवून पाहिले, तर आवाज वाढायच्या ऐवजी खंगलाच. एकाचा स्पीकर पुढे ढकलत होता तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढत होता. एकच रक्कम एकदा जमा आणि एकदा नावे टाकली की शिल्लक काय राहणार? पेटीवर एक बारीक बटण असतं, ते फिरवलं आणि ताळेबंद जुळला. साफ ॲम्प प्रत्येक सूर स्पष्ट सांगतो, फाटका त्याला अंग देतो. तबला बोल काढतो आणि डग्गा घुमतो तसं. तबलजीला कुणी दोन कशाला म्हणून विचारत नाही.

या साऱ्या खटाटोपातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट फार लहान आहे. समोर इकोचं पेडल लावून एकाच ॲम्पचा रंग बदलला, तर मागे घुमत राहिलेला साफ सूरही त्याच क्षणी फाटून निघतो. दोन ॲम्प असले, आणि साफ ॲम्पची घुमार त्याची त्याच्या पोटात असली, की कन्या पाय दाबून फाटक्याकडे वळते तेव्हा तो आपलं वाक्य पुरं करून मगच गप्प होतो. नव्याची गर्जना सुरू झालेली असते आणि तिच्याखाली जुना सूर विरत विरत जात असतो. त्याला कुणी मध्येच तोडत नाही.

पुढच्या वर्षी कन्येचं शिक्षण संपेल. नोकरी पुण्याला लागो की बंगळुरूला, तिथल्या खोलीत दोन ॲम्प मावायचे नाहीत. एक इथेच ठेवून जाईन, असं ती म्हणाली आहे. कुठला, ते अजून सांगितलेलं नाही. खालच्या मास्तरांनी जिन्यात मला थांबवून "ते गोडवालं नेणार का हो?" अशी चौकशी केली. आईने चौकशी केली नाही. तिने फाटक्या ॲम्पवर आपली पोथी ठेवायला सुरुवात केली आहे. आमच्या घरात ज्या वस्तूवर आईची पोथी बसते ती वस्तू जागची हलत नाही. याला कायद्यात ताबा म्हणतात, आणि तो बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नाही.